दोनशे सतरा नंबरचा कोरा कागद

प्रिय टाचणे,

गेले पंधरा दिवस मला जिकडेतिकडे गोल दिसतायत. रस्त्यातल्या गटारांची झाकणं, कपाने टेबलावर उमटवलेलं ओलं कडं, उभ्या सायकलींची चाकं, समोरच्यांच्या दारातली आतून डोळा लावायची काच. प्रत्येक गोलापाशी मी क्षणभर रेंगाळते आणि वाटतं, हा रिकामा आहे, यात कुणीतरी काहीतरी काढायचं राहून गेलंय. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. निदान तुझ्या भाऊजींनी अजून तक्रार केलेली नाही, आणि त्यांना तक्रारीला कारण लागतं अशातला भाग नाही.

फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या फोनचं तुला माहीतच आहे. माझा गुडघा, तुझा गळका नळ, तुझ्या लेकीचा खोकला, आणि जरा कुठे मुद्द्यापाशी आलं की तुझं ठरलेलं, ‘बरं, ठेवते गं, गिऱ्हाईक आलंय.’ तुझ्याकडे खरोखर एवढी गिऱ्हाइकं येत असती तर एव्हाना तू कापडाची गिरणी विकत घेतली असतीस. पत्राचं बरं असतं. ते मध्येच ठेवून दिलं तरी पुन्हा उचलेपर्यंत तिथेच पडून राहतं, रुसत नाही. सोबत एक छापील फॉर्म आहे. त्यावर वीस तारखेच्या आत तुझी सही पोचली नाही तर तुझी एक वस्तू कायमची रद्दीत जाईल. कुठली, ते सांगतेच. पण आधी पत्र पूर्ण वाच, सही करायची की नाही ते मग ठरव. न वाचता केलीस तर मला कळेल. सध्या मी त्याचंच शिक्षण घेतेय.

मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं हे सांगितलं तेव्हा तू हसली होतीस. ‘अजून किती हुशार व्हायचंय तुला?’ असं म्हणाली होतीस आणि दाताने दोरा तोडला होतास, तो आवाज फोनमधूनसुद्धा आला. मी तेव्हा काहीतरी चटकदार उत्तर दिलं, काय ते आता आठवत नाही. तुझा प्रश्न मात्र तेव्हापासून पायातल्या काट्यासारखा सोबत चालतोय. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग काढायचाय आणि त्यासाठी त्या विषयातली पदवी असलेलं माणूस लागतं. हुशार मुलं शाळेत आधीपासूनच होती. पदवीवालं माणूस नव्हतं, म्हणून त्यांना अधिकृतपणे हुशार म्हणता येत नव्हतं इतकंच. बावीस वर्षं गणित शिकवून झालेली, मुलं परगावी, गुडघा अजून जिने चढतोय अशी मी एकटीच शिक्षकांच्या खोलीत सापडले. अभ्यासक्रमाचं नाव प्रज्ञावंत मुलांचं शिक्षण आणि प्रतिभाविकास. ते एका श्वासात म्हणता आलं तर प्रवेश परीक्षा माफ करायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी दारावरच्या माणसाने मला पालकांच्या बाकड्यावर बसवलं. अर्धा तास मी तिथे बसले, कारण बाकडं आरामाचं होतं. वर्गातल्या खुर्च्यांना उजव्या हाताशी लिहायची फळी असते. ती खाली पाडली की माझं पोट आणि ज्ञान यांच्यात काही अंतर उरत नाही. बाकीची सगळी तेवीस-चोवीसची. त्यांना अजून प्रत्येक गोष्टीचं नवल वाटतं आणि मला त्यांचं वाटतं. माझी जोडीदारीण अंबाड्यात पेन खोचून वर्गभर पेन शोधत फिरते. आमच्या बाई मात्र मला आवडतात. बुटक्या, हळू आवाजाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. एक प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहतात. दुपारी दोनचा तास, तिसरा मजला, पडदे आत-बाहेर श्वास घेतायत, कुणीच काही बोलत नाही. त्या शांततेत मी कितीदा आईच्या शिवणाच्या खोलीत जाऊन आलेय ते बाईंना माहीत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक यादी दिली, प्रज्ञावंत मूल कसं ओळखावं याची. फार प्रश्न विचारतं. लवकर कंटाळतं. मोठ्यांशी वाद घालतं. सांगितलेलं ऐकत नाही. यादी वाचून वर्गातल्या प्रत्येकाला वाटलं, ही आपल्याला समोर बसवूनच लिहिलीय. घरी वाचून दाखवली तर तुझे भाऊजी चौथ्या मुद्द्याला म्हणाले, ‘बघ, मी सांगत होतो तुला.’ मला वाटतं, अशा याद्या ज्यांनी केल्या ते स्वतः लहानपणी बडबडे असणार. खाली मान घालून, ओठांत दोरा धरून, तासन् तास हाताने काहीतरी करत बसणारं मूल त्या यादीत कुठेच नव्हतं. मी दोनदा शोधलं. कुणासाठी शोधतेय हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

आपण दोघींनी दिलेली ती परीक्षा तुला आठवते का? मी अकराची, तू साडेनऊची. दूरच्या त्या निवासी शाळेची निवड परीक्षा, निवडक मुलं घेणार, राहणं-जेवणं-शिक्षण सगळं त्यांच्याकडे. आईने दोघींचे फॉर्म एकाच दुपारी भरले आणि एकाच ताग्यातून दोन फ्रॉक बेतले. माझा वेळेत झाला. तुझ्या फ्रॉकची तुरपाई राहिली होती, म्हणून निघता निघता तिने घेर आत दुमडून टाचण्या लावल्या आणि बजावलं, ‘बसताना जपून, नाहीतर टोचेल.’ दोन पेन्सिली ब्लेडने टोक काढून दिल्या. माझ्या पेन्सिलीला लाल दोरा, तुझ्या पेन्सिलीला निळा, म्हणजे भांडण नको. मोठा सभागृहासारखा हॉल होता, उंच खिडक्या, जमिनीवर उन्हाचे लांबट चौकोन. तू माझ्या मागच्या बाकावर. परत येताना तुझा घेर एका बाजूने सुटून लोंबत होता. आई रस्त्यातच ओरडली, ‘टाचणी कुठे पाडलीस?’ तू म्हणालीस, हरवली. मी तेव्हापासून तुला टाचणी म्हणायला लागले. आधी चिडवायला, मग सवयीने, मग मायेने. अडतीस वर्षं झाली. तुझं खरं नाव आता मला पाकिटावर लिहितानाच आठवतं.

निकालाचं पाकीट आलं त्यात एकच नाव होतं. आईने ते मशीनवर ठेवून दोनदा वाचलं, पाकिटात आणखी एखादा कागद अडकलाय का ते उलटं करून झटकून पाहिलं, आणि म्हणाली, ‘एकीचं झालं.’ दुसरीचं काय ते ती म्हणाली नाही, पाय मशीनवर ठेवला. त्या घरात जे म्हणायचं नसेल ते मशीन म्हणायचं. मग पंधरा दिवस माझ्या तयारीचे. शाळेने कळवलं होतं की धोब्याकडे कपडे मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीने आपल्या चादरी-अभ्र्यांवर एक खूण भरून आणावी. ते काम तू मागून घेतलंस. तुझी रीत तेव्हाही आईचीच. खाली कापडाची घडी, वर कागद, टाचणीने टोचत टोचत नक्षीची भोकं पाडायची, मग कागद अभ्र्यावर ठेवून निळीची पूड चोळायची की खाली ठिपक्यांचं चित्र उमटतं, त्यावरून दोरा. आपल्या घरी चित्र म्हणजे भोकंच असायची, पेन्सिलीने रेघ ओढणं हा पाहुण्यांचा प्रकार. तू माझी खूण म्हणून एक षटकोन भरलास, मध्ये एक ठिपका. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, ‘खूण आहे. खुणेला काय असतं?’ वसतिगृहात मुली विचारायच्या तेव्हा मी सांगायचे, मधमाशीच्या पोळ्यातलं घर आहे. निबंधही लिहिला होता त्यावर. पहिला आला.

मी गेले आणि आपल्या दोघींवर दोन चिठ्ठ्या चिकटल्या. मी हुशार, तू हाताची चांगली. सुट्टीत घरी आले की लोक मला राजधान्या विचारायचे आणि तुला पाणी आण म्हणायचे. घड्याळ बंद पडलं तर तुझ्याकडे, अर्ज लिहायचा तर माझ्याकडे. वाटणी इतकी चोख होती की आपणही ती पाळायला लागलो. मी आजही बटण लावत नाही, आणि तू बँकेचा फॉर्म दिसला की चष्मा सापडत नाही म्हणतेस. खरं सांगायचं तर मी सात वर्षं त्या शाळेत हुशार असण्याची नोकरी केली आणि नंतर तिचं निवृत्तिवेतन खात आले. नवीन असं काही मी केलं नाही. दिलेलं बरोबर सोडवलं. तू तिकडे आईच्या खोलीत बसून पडदे, उशा, टेबलक्लॉथ भरत राहिलीस. आई गेल्यावर ती खोली तुझी झाली आणि आता लांबलांबची माणसं नमुन्यांसाठी तुझ्या दारात थांबतात. तुझी कीव करायला हे लिहीत नाहीये, तू सुई घेऊन अंगावर येशील. फक्त वाटणी कशी झाली, ते सांगायचंय.

दुसऱ्या सत्रात आम्हाला उत्तरपत्रिका तपासायला शिकवलं. एका पानावर तीस रिकामे गोल छापलेले असतात आणि मुलाने त्यांपासून जमतील तितक्या वस्तू करायच्या. किती काढल्या त्याचे गुण, किती वेगवेगळ्या प्रकारच्या काढल्या त्याचे, दुसऱ्या कुणाला सुचलं नाही असं काय काढलं त्याचे, आणि बारकाव्यांचे वेगळे. एकच पान दोघींनी एकमेकींना न विचारता तपासायचं आणि मग गुण जुळतात का ते बघायचं. सरावासाठी विभागाकडे शाळांच्या जुन्या निवड परीक्षांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. त्यांची छायाचित्रं संगणकावर, नावाची पट्टी कापलेली, फक्त नंबर आणि वय. सूर्य, चेंडू, घड्याळ, ताट, डोळे मिचकावणारं तोंड. शंभर मुलांनी काढलेले शंभर सूर्य बघून मला सूर्याचाच कंटाळा आला. मग दोनशे सतरा नंबर आला. वय साडेनऊ. तीसच्या तीस गोल कोरे, आणि पानभर जुन्या परीक्षकाची तिरकी लाल रेघ. मी शून्य दिलं. जोडीदारणीने शून्य दिलं. संपूर्ण एकमत, त्या सत्रातलं पहिलंच. शेऱ्याच्या रकान्यात काही ना काही लिहावंच लागतं आणि माझी जीभ तुला ठाऊक आहे. मी लिहिलं, ‘परीक्षार्थीला हॉलमधल्या वाऱ्याने झोप लागली असावी. झोप मात्र गाढ व सलग, बारकाव्यांसह.’ बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले, टाचणे. चांगलं जमलं होतं.

त्यानंतर आठवड्याभराने बाईंनी विचारलं, जुने गठ्ठे आता रद्दीत द्यायचेत, छायाचित्रं झालीच आहेत, कुणी मोजून बांधून देईल का. तरुण मंडळींना एकदम कामं आठवली. मी गेले. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे, भिंतीभर कपाटं, एकच मोठी खिडकी, आणि एक वयस्कर रेकॉर्डवाले जे दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या अशा अदबीने डुलकी घेतात की त्यांना उठवणं उद्धटपणाचं वाटावं. धूळ उन्हात तरंगत होती, खाली यायची घाई नसल्यासारखी. जुन्या कागदाला आईच्या कपाटातल्या कापडासारखा वास येतो. मोजता मोजता मी पेंगायला लागले होते, बोटं आपोआप पानं उलटत होती. आणि एका पानावर बोटं थांबली. मी नाही, बोटं. ते पान खरखरीत होतं.

लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे बांधून आपण आईचे नमुने बोटांनी ओळखायचो, आठवतं? हे फूल, हा मोर, ही वेल. तू नेहमी जिंकायचीस. मी पान उलटलं. मागच्या बाजूला, जिकडे कुणी कधी बघत नाही, बारीक बारीक उंचवटे होते, ओळीने, गोलागोलाने. सुलट केलं तर लाल रेघ आणि तीस कोरे गोल. नंबर दोनशे सतरा. मी उठून ते पान खिडकीपाशी उजेडात धरलं.

सगळे गोल पेटले, गं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. एका गोलात चार भोकांचं बटण. एकात वरून दिसणारं दोऱ्याचं रीळ. एकात मशीनचं चाक आणि त्यावर पट्टा. एकात विहीर आणि तळाशी एकच चांदणी. एकात भरतकामाची रिंग, तिच्यात अर्धंच भरलेलं फूल, आणि अडकून राहिलेली सुई. एकात कुलपाच्या भोकातून दिसणारी खोली. एका गोलात पाठमोरं डोकं, दोन वेण्या, आणि वाकडा पडलेला भांग. तो भांग मी ओळखते, तो माझा मला कधीच दिसला नाही, पण आई रोज त्याला शिव्या द्यायची. ऊन जरा सरकलं तसे ठिपके हलले. कागद थोडा दूर धरला तर तेच सगळं माझ्या तळहातावर उतरलं, बटण, विहीर, वेण्या, उजेडाचे थेंब होऊन. किती वेळ उभी होते कोण जाणे. रेकॉर्डवाले जागे होऊन मागे येऊन उभे राहिले होते. ‘आमच्या नोंदीत हा कागद कोरा आहे,’ ते म्हणाले, आणि मग, ‘इतकी वर्षं इथे होता म्हणजे.’ तिसावा गोल शेवटी पाहिला, कारण तो खालच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याखाली होता. त्यात एक षटकोन होता आणि मध्ये एक ठिपका.

मी आधी म्हटलं, मधमाशीचं घर. हसू नकोस, खरंच म्हटलं. आणि मग खाली टेबलावर ठेवलेल्या माझ्याच पेन्सिलीकडे लक्ष गेलं. तिचं बूड माझ्याकडे होतं. सहा बाजू, मध्ये शिसाचा ठिपका.

म्हणजे सात वर्षं मी तुझ्या पेन्सिलीवर डोकं ठेवून झोपले. आत्ता हे पत्र ज्या टेबलक्लॉथवर लिहितेय त्याच्याही कोपऱ्यात ती खूण आहे, माझ्या कोपराखाली, तूच भरून पाठवलेला. निवड झालेल्या, पारखून घेतलेल्या, निबंधात पहिल्या आलेल्या मुलीला हे कळायला अडतीस वर्षं आणि एक पदव्युत्तर अभ्यासक्रम लागला. तो टोमणा होता की माया, ते मला अजून सांगता येत नाही. दोन्ही असणार. एका रंगाच्या दोऱ्याने तू कधी काही भरलेलं नाहीस.

आता गठ्ठ्यात तुझ्या पानाच्या वर काय होतं ते ऐक. दोनशे सोळा. आईने दोन्ही फॉर्म एकत्र भरले होते ना. सूर्य, चंद्र, चेंडू, नाणं, घड्याळ, ताट, बाजारात निघाल्यासारखी यादी, तीसच्या तीस, गोलाबाहेर एक रेघ गेलेली नाही. छायाचित्रं तपासताना हा नंबर दुसऱ्या जोडीकडे गेला होता. त्या पोरांनी शेरा लिहिलाय, ‘मेहनती. कल्पकता बेताची.’ मी त्यांचं अभिनंदन करणार आहे. पण मला दिसलं ते वेगळंच. पहिल्या आठ गोलांतली रेघ फिकी आणि टणक आहे. नवव्यापासून ती एकदम काळी, मऊ होते. आठव्या गोलात माझं टोक मोडलं होतं. टोक काढायला ब्लेड नव्हतं, शिसं आतपर्यंत तुटलं होतं. मी मागे वळले नाही. नुसता हात मागे केला, तळहात उघडा ठेवून, आणि तू त्यात पेन्सिल ठेवलीस. आतापर्यंत ही आठवण मी स्वतःला अशी सांगत आले की तुझं लिहून झालं होतं. कधी सांगायचे की तुझ्याकडे दुसरी असेल. दुसरी नव्हती. आईने माझ्यासमोर दोनच काढल्या होत्या, लाल दोरा आणि निळा दोरा, आणि मी हाताला येणारा निळा दोरा पाहिला. मी पाहिला आणि पुढे घड्याळ काढलं. मागे तू रुमालाची घडी पानाखाली ठेवलीस, फ्रॉकच्या घेरातली टाचणी काढलीस, आणि आपल्या घरी चित्र जसं काढतात तसं काढलंस. बाहेर आईने विचारलं कसा गेला पेपर, तर म्हणालीस, काढलं की सगळं. खोटं कुठे बोललीस.

पानाच्या माथ्यावर जुन्या परीक्षकाने परीक्षेच्या सगळ्या भागांचे गुण लिहिलेत. मी बेरीज केली, गणिताची बाई आहे मी. शब्दांत आणि आकड्यांत आपण दोघी बरोबरीच्या होतो. एका या पानाने तू राहिलीस. त्या परीक्षकाला चार शब्द सुनवायची मला फार इच्छा होती. मग माझाच शेरा आठवला. त्याने निदान हसण्यावारी नेलं नव्हतं. मी बाईंकडे गेले, पान खिडकीत धरून दाखवलं आणि झोपेचा शेरा खोडून टाकायची परवानगी मागितली. त्यांनी नाही दिली. म्हणाल्या, राहू दे, दोन्ही राहू दे. पान त्यांना विभागात ठेवायचंय, दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी आधी कोरं म्हणून दाखवायला आणि मग उजेडात. मी म्हटलं, ज्याचं आहे त्याला विचारा. जोडीदारीण म्हणत होती, पुन्हा तपासून गुण देऊ या. दिले आम्ही. किती ते तुला सांगणार नाही, तू विचारणारही नाहीस. विचारलंच तर म्हणशील, ‘मग आता काय, भिंतीला लावू?’

तर हा फॉर्म. तीन चौकोन आहेत. कागद परत हवा, विभागाला द्यावा, किंवा नष्ट करावा. तुझा आहे, तू ठरव. फक्त वीस तारखेच्या आत ठरव, कारण एकवीस तारखेला गठ्ठे जातील आणि तोवर मी रेकॉर्डवाल्यांना चहा पाजून फार तर एक दिवस थोपवू शकेन. नंबर आणि नावांची जुनी वही ओल लागून गेली. त्यामुळे कागद तुझाच आहे हे ओळखणाऱ्या माणसाला फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. रकान्याचं नाव आहे ‘ओळखण्याचा आधार’, खाली दोन ओळींची जागा. बाई म्हणाल्या, भरतकामाची रीत लिहा, तेवढं पुरे. पुरलं असतं. तिथून घरी आले आणि सहा दिवस तो रकाना कोरा ठेवून बसले. मग लिहिलं, ‘दोनशे सोळा नंबरच्या कागदावर नवव्या गोलापासून पुढे जी पेन्सिल वापरली आहे ती हिची आहे. मी ती मागितली आणि परत केली नाही. म्हणून हिचा कागद कोरा दिसतो.’ खाली माझी सही. हे मी अनोळखी लोकांसाठी छापील फॉर्मवर लिहिलं आणि तो तुझ्या हातात नुसताच पडला असता, म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहिलं तर तू ‘बरं’ म्हणशील आणि लगेच गिऱ्हाईक येईल, तेव्हा तसं लिहीत नाही. फॉर्मवर सूचना आहे की सही शाईनेच करावी. पाकिटाच्या तळाशी कापसात गुंडाळलेलं बोटभर लाकूड सापडेल. निळा दोरा विटलाय पण सुटलेला नाही. ते सहीसाठी नाही. ते तुझं आहे.

तुझीच,
आठव्या गोलापाशी अडकलेली
ताई